तिसऱ्यांदा नीट नको

कागल तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी दोनदा नीटला बसली, गुण कमी पडले. आता ती म्हणते, किडींचं प्रजनन आणि त्यामागची हार्मोन्स शिकायची आहेत. वडील विचारतात, ‘हिची समजूत कशी घालू? मुलीनं असला विषय घेतला तर पाहुण्यांना काय सांगायचं?’

दादा, मला काळजी तिच्या गुणांची वाटली नाही, या वाक्याची वाटली. पत्रात डॉक्टरकी आहे, पाहुणे आहेत, स्थळं आहेत. तिच्या आवडीवर एकच ओळ आहे, तीही तक्रारीची: वळीव झाला की रात्री बॅटरी घेऊन बांधावरच्या बाभळीवरचे भुंगेरे बघत बसते. ते हुमणीचे भुंगेरे. मिलनासाठी झाडावर जमतात, मग मादी मातीत अंडी घालते आणि त्यातल्या अळ्या तुमच्याच उसाची मुळं कुरतडतात. लाज कसली वाटते तुम्हाला? तुमच्या शिवारातल्या नुकसानीचं मूळ ती शोधू पाहतेय. पाहुण्यांना हेच सांगा, मान वर करून.

‘किडीचं शिकून शेवटी औषधाचं दुकानच टाकायचं ना?’ असंही तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज आहे. किडीच्या मेंदूमागे एक इवलीशी ग्रंथी असते, तिच्यातून ज्युव्हेनाईल हार्मोन स्रवतं. अळी असताना ते तिला प्रौढ होऊ देत नाही. पुढे अनेक जातींच्या मादीत त्याच हार्मोनमुळे अंड्यात बलक भरतो. ही ग्रंथी नसेल तर अंडी वाढत नाहीत, हे कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी 1936 मध्ये ऱ्होडनिअस या रक्त पिणाऱ्या किड्यावर दाखवलं. पायरीप्रॉक्सिफेन हे कापसावरच्या पांढऱ्या माशीचं औषध या हार्मोनची नक्कल करतं. ते अंगात गेलेल्या मादीची अंडी उबतच नाहीत. दुकानात बाटली येण्याआधी असं डोकं कुणीतरी चालवलेलं असतं. तुमची मुलगी त्या बाजूला जायचं म्हणतेय.

वाट सरळ आहे: सीईटी देऊन बीएस्सी ॲग्री, किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग कीटकशास्त्रात एमएस्सी. कृषी महाविद्यालय कोल्हापुरातच आहे. मात्र संशोधनात राहायचं तर पीएचडी लागते, कमाई उशिरा सुरू होते. तेवढी वर्षं लग्नाचा विषय तिच्यामागे लावणार नसाल, तरच हो म्हणा. अर्ध्यात ओढून आणण्यासाठी पाठवू नका.

नीटच्या क्लासची फी पुन्हा भरू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.