बर्फात अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू आहेत का, हे कसं शोधतात?

दोन वाटा आहेत: जिवाणू वाढवून बघणं किंवा थेट डीएनए तपासणं. पण जिकिरीचं काम त्याआधीचं. ड्रिलने काढलेल्या बर्फाच्या दंडगोलाचा, म्हणजे गाभ्याचा, बाहेरचा थर निर्जंतुक पात्याने खरवडून टाकतात, कारण ड्रिलचे आणि हातांचे जंतू तिथेच चिकटलेले असतात. मग आतला बर्फ वितळवून गाळतात. जिवाणू वाढवायची प्लेट (पोषक थर असलेली बशी) ३७ अंशांवर ठेवली तर थंडीतले बरेच जिवाणू वाढतच नाहीत. ४ ते १५ अंशांवर कित्येक आठवडे थांबावं लागतं. तरीही बहुतेक उगवत नाहीत, म्हणून पीसीआर (ठराविक जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते ओळखणं) किंवा मेटाजीनोमिक्सने (नमुन्यातला सगळा डीएनए एकत्र वाचणं) प्रतिकाराची जनुकं शोधतात. मात्र जनुक सापडलं म्हणजे जिवाणू जिवंत आहेच असं नाही. कॅनडातल्या युकॉनच्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही अशी जनुकं सापडली आहेत, म्हणून प्रत्येक सापडलेल्या जनुकाचं खापर माणसाच्या औषधांवर फोडू नये.