उंबरा झिजलाय, पण दार कुठंय?

जुन्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी, पुण्यातले वाडे मोजून त्यांचे नकाशे काढणारी एक आर्किटेक्ट.

प्रश्न : आमचा नारायण पेठेतला वाडा पेशवेकाळातला, असं घरात सगळे सांगतात. आता तो पाडायचं ठरलंय. छपरावरून उतरवलेल्या एका कौलावर १८६५ साल आहे. मग वाडा पेशवाईनंतरचा धरायचा का? शिवाय बघायला आलेले जाणकार म्हणाले, भाडेकरूंनी मूळ वाड्याचं पार वाटोळं केलंय, नोंद करण्यासारखं काही उरलेलं नाही.

उत्तर : १८६५ हे कारखान्याचं साल. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना त्या वर्षी काढला, आणि नावासोबत स्थापनेचं साल उमटवायची कौलवाल्यांची पद्धत होती. पुढे पन्नास वर्षांनी भाजलेल्या कौलावरही तुम्हाला तेच दिसेल. त्यातून कौल म्हणजे घरातली सगळ्यात फिरती वस्तू. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची, फुटकी काढायची, मिळतील ती घालायची. एका छपरावर चार कारखान्यांची कौलं सुखाने नांदतात. मंगलोरीच्या आधी तिथे अर्धगोल, नळीची कौलं असण्याचाही संभव आहे. वाशांवर रिपांच्या (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खिळ्यांच्या भोकांची दुसरी, जुनी ओळ सापडते का पाहा. सापडली, तर छप्पर बदललंय.

वाड्याचं वय खाली शोधायचं. भिंतीचा गिलावा थोडा काढून वीट बघा. पेशवेकाळातली वीट चपटी असते. नंतरची इंग्रजी मापाची वीट बरीच जाड. खांब सुरूच्या झाडासारखा निमुळत्या घाटाचा आणि वर केळफुलाचं कोरीवकाम दिसलं, की लोक थेट नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोहोचतात. थोडं थांबा. सागवान कुणी टाकून देत नसे. पडलेल्या वाड्याचं लाकूड नव्या वाड्यात चढायचं. खांबावर चारी बाजूंनी हात फिरवा. जिच्यात आज काहीच बसलेलं नाही अशी रिकामी खाच हाताला लागली, तर तो खांब आधी दुसरीकडे कुठेतरी उभा असेल. खांब पेशवाईतला आणि वाडा त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी बांधलेला, हेही शक्य आहे. घरच्यांना हे ऐकून वाईट वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

तुमचा वाडा नदीच्या अंगाला असेल तर आणखी एक गोष्ट. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले. भिंतीतली पांढरी माती पाण्यात विरघळायची. खांब-तुळयांचा सांगाडा जिथे टिकला, तिथे खालच्या भिंती नव्याने बांधल्या गेल्या. तेव्हा तळमजल्याला सिमेंटमध्ये बसवलेल्या विटा आणि माडीवर मातीची जुनी भिंत दिसली तर चक्रावून जाऊ नका. वरचा मजला खालच्यापेक्षा म्हातारा असू शकतो.

आता वाटोळ्याबद्दल. जाणकारांशी मी भांडणार आहे. ही मंडळी चौक, ओसरी, दारालगतची देवडी यांचे फोटो काढतात आणि पत्र्याचा आडोसा चौकटीत येऊ नये म्हणून वाकडी होतात. अहो, पुष्कळ वाड्यांत मालकाचं कुटुंब एकटं राहिलं त्यापेक्षा जास्त वर्षं भाडेकरू राहिलेत! ती वर्षं घराची नव्हेत काय?

माजघरात जा आणि भिंतीतलं फडताळ उघडा. तळाची फळी उचला. खाली उंबरा निघाला आणि तो मधोमध झिजलेला असला, तर ते फडताळ म्हणजे बुजवलेलं दार आहे. तिथून घरची माणसं सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, ये-जा करायची. मग सोपा भाड्याने गेला, पलीकडून विटा चढल्या, अलीकडे फळ्या बसल्या आणि दाराच्या जागी लोणच्याच्या बरण्या आल्या. सोप्याचा भाडेकरू आणि मालकीणबाई, मधे फक्त वीतभर भिंत. असाच एखादा चिरलेला कोनाडाही सापडेल : वरची महिरप मधोमध कापलेली, तिच्यातून लाकडी कूड, म्हणजे पातळ आडभिंत, गेलेला. अर्ध्या कोनाड्यात एका बिऱ्हाडाचे देव, उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याचा रेडिओ. असल्या जागा मी आधी मोजते, दारावरची कोरीव गणेशपट्टी नंतर. ती सगळ्यांच्या फोटोत असतेच.

प्रश्न : माझे आजी-आजोबा सदाशिव पेठेत ‘दोन खणांत’ राहत. एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात पंधरा बिऱ्हाडं मावली कशी? त्यांच्या भाडेपावत्या माझ्याकडे आहेत. वर्षानुवर्षं रक्कम तीच, महिना अकरा रुपये. मालक इतका देवमाणूस होता का?

उत्तर : मालकाचं सोडा, कायदा तसा होता. मुंबई राज्याच्या १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं प्रमाण धरलं आणि तिथेच खिळा ठोकला. भाडं वाढेना, म्हणून मालक डागडुजी करेना. जागा आपल्या मालकीची नाही, म्हणून भाडेकरूही पैसे घालेना. १९९९च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण अकरा रुपयांचे चार टक्के म्हणजे किती, ते तुम्हीच काढा.

बिऱ्हाडं मावली, कारण वाडा मुळात खणांत बांधलेला. दोन खांबांमधली जागा तो खण, साधारण पाच-सहा फुटांचा. भार तुळयांवरून खांबांवर येतो, त्यामुळे मधले बरेचसे कूड नुसते आडोशाचे असतात. हलवले तरी घर पडत नाही. दोन खण इकडे, तीन तिकडे, असं मोजून भाड्याने देता आलं. अडलं ते जिन्यापाशी. जुना जिना भिंतीच्या जाडीत, अंधारा, एका वेळी एकच माणूस चढेल असा. वरचं दार लोटून घेतलं की माडी बंद. दरोड्याच्या भीतीला ते ठीक होतं, पण घागर घेऊन दिवसात दहादा चढणाऱ्या बाईचं काय? म्हणून चौकातून लाकडी जिना वर गेला आणि माडीला बाहेरून सज्जा लागला. एकीतून दुसरीत जायच्या खोल्यांना आता सज्जात उघडणारं स्वतःचं दार हवं झालं, तेव्हा खिडक्या खाली उतरवून त्यांची दारं केली. अशा दाराच्या चौकटीत वरचं लाकूड जुनं, कोरीव असतं आणि खालचा दोन-अडीच फुटांचा तुकडा साधा, जोडलेला. निरखून बघितलं तर सांधा दिसतो.

हे सगळं एकदम झालं नाही. १८१८ला पेशवाई गेली आणि वाडेवाल्यांची उत्पन्नं आटली. १८५८ला रेल्वे आली. १८८०ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ला फर्ग्युसन निघालं. फर्ग्युसनचे पहिले वर्गही शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यातच भरले. विद्यार्थी आले, मास्तर आले, कचेऱ्यांतले कारकून आले. त्यांना जागा हव्या होत्या आणि वाड्यांना पैसे. मोठ्या वाड्यांचंही हेच झालं. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. तिथे १८२१ला संस्कृत पाठशाळा आली, पुढे नगरपालिकेची कचेरी, पोस्ट. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ला फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. त्याच वाड्यात नंतर दुकानं होती, ती २०२३ला वास्तू पाडेपर्यंत.

वाड्याला खरं खाल्लं ते मोरीने. मूळ वाड्यात पाण्याचं काम चौकात, विहिरीवर, परसात. बिऱ्हाडं झाली तशी प्रत्येकाला खोलीच्या कोपऱ्यात मोरी हवी झाली, माडीवरसुद्धा. खाली शहाबादी फरशी, तिच्या फटीतून पाणी पाटणीत, म्हणजे माडीच्या लाकडी तळात, तिथून तुळईच्या टोकात. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं, वारा नाही, ऊन नाही. बाहेरून सागवान ठणठणीत दिसतं आणि भिंतीच्या आत त्याचा भुसा झालेला असतो. कुठल्याही वाड्यात गेले की मी पहिल्यांदा मोरीखालची तुळई ठोकून बघते. आवाज बद्द आला की त्या खोलीत नकाशा काढत बसत नाही.

प्रश्न : वाडा रिकामा करायला महिनाभर आहे. इथे कोण कोण राहून गेलं त्याची यादी करायची आहे. सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका आणली, पण तिच्यावर फक्त मालकांची नावं निघाली.

उत्तर : मिळकत पत्रिका मालकी सांगते, बिऱ्हाडं नाही. भोगवटादार शोधायला महापालिकेची जुनी कर आकारणीची नोंद बघता येते का विचारा. जुन्या मतदार याद्या मिळाल्या तर उत्तम. त्यांत घरक्रमांकावार माणसं असतात, वयासकट. देवडीतले विजेचे मीटर मोजा आणि काढून नेलेल्या मीटरांच्या लाकडी पाट्याही मोजा. एकेका मीटरवर तीन-तीन बिऱ्हाडं असायची, तेव्हा आकडा कमीच भरेल. तो शेवटचा धरू नका.

कागदावर न आलेली माणसंही होती. खाणावळीत जेवून ओसरीवर झोपणारे विद्यार्थी, स्वयंपाकाला आलेल्या आणि वीस वर्षं राहिलेल्या आजी. परसातून मागे निघणारी अरुंद बोळ अजून असेल तर तीही मापा. संडासाच्या टोपल्या तिथून उचलल्या जायच्या, आणि उचलणाऱ्यांना पुढच्या दिंडी दरवाजातून येऊ दिलं जात नसे. नकाशात बहुतेक जण ही बोळ ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवतात. तुम्ही तिथे कोण येई ते लिहा.

पोटभाडेकरूंची नावं मात्र मूळ भाडेकरूला विचारू नका. ‘पाहुणे होते’ म्हणेल. शेजारच्या खोलीत विचारा. कोण पाहुणा किती वर्षं मुक्कामाला होता, तिथे बरोबर ठाऊक असतं.