हौशी क्लबाने परदेशी खेळाडू आणावा का?

प्रश्न : मी इंग्लंडच्या उत्तर भागातील एका लहान गावात राहतो आणि तेथील क्रिकेट क्लबाच्या समितीवर काम करतो. आमचे शनिवारी खेळणारे तीन संघ आणि मुलांचे दोन गट आहेत. गेल्या हंगामात आमचा पहिला संघ खालच्या विभागात जाता जाता वाचला. त्यामुळे पुढील हंगामासाठी ऑस्ट्रेलियातून किंवा भारतातून एक चांगला खेळाडू आणावा, त्याचे विमानभाडे, राहणे आणि वरखर्च क्लबाने सोसावा, असे समितीतील काही जणांना वाटते. उरलेल्यांच्या मते हा पैसा नव्या रोलरसाठी आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी ठेवावा. अशा खेळाडूमुळे हौशी क्लबाचे भले होते की नुकसान?
— एक वाचक, यॉर्कशर

उत्तर : आपल्या समितीत चाललेला वाद शेजारच्या लँकेशरमध्ये शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. १८९२ साली स्थापन झालेल्या लँकेशर लीगमध्ये प्रत्येक क्लबाने एक व्यावसायिक खेळाडू बाळगावा आणि बाकीचे दहा जण गावातलेच असावेत, अशी पद्धत रूढ झाली. १९२२ साली नेल्सन या कापड गिरण्यांच्या गावाने ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज टेड मॅकडोनाल्ड याला आणले आणि १९२९ च्या हंगामापासून वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टन्टाइन यांच्याशी करार केला. कॉन्स्टन्टाइन तेथे नऊ हंगाम खेळले. त्या काळात नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळवले आणि उरलेल्या दोन्ही वेळा संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिला. परदेशी खेळाडूच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण आजही हा दाखला देतो आणि तो खराही आहे.

मात्र त्या दाखल्यातील हिशेबाची बाजू सहसा सांगितली जात नाही. कॉन्स्टन्टाइन यांना पाहण्यासाठी शनिवारी दुपारी गिरणीतून सुटलेली माणसे तिकीट काढून मैदानात येत, आणि नेल्सनचा संघ दुसऱ्या गावी गेला तर त्या गावच्या क्लबाचाही गल्ला भरत असे. म्हणजे खेळाडूवर झालेला खर्च तो स्वतःच प्रवेशद्वारावर भरून देत होता. आज आपल्या क्लबाच्या सामन्याला तिकीट नसते आणि प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या घरची माणसे, दोन-चार निवृत्त सभासद आणि कुत्र्याला फिरवायला आलेला कोणी तरी, इतकेच असतात. त्यामुळे परदेशी खेळाडूने कितीही शतके काढली तरी क्लबाच्या तिजोरीत त्यामुळे विशेष भर पडत नाही. त्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, बारच्या नफ्यातून किंवा एखाद्या पुरस्कर्त्याकडूनच भागवावा लागतो. समितीने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की पैसा नेमका कोठून येणार आहे. एखादा स्थानिक व्यापारी केवळ याच कारणासाठी वेगळी रक्कम देत असेल, तर गोष्ट निराळी. पण मुलांच्या वर्गणीतून जमलेला पैसा पहिल्या संघाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजावर खर्च होत असेल, तर ते मला तरी न्यायाचे वाटत नाही.

दुसरी बाब जागेची. परदेशी खेळाडू संघात एकच जागा घेतो हे कागदावर खरे आहे, परंतु तो मोक्याची जागा घेतो. तो तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकावर खेळतो, गोलंदाज असेल तर कर्णधार त्याला नियमाने मिळतील तितकी सगळी षटके देतो, आणि सामना अडचणीत आला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतात. त्याच संघातला सतरा वर्षांचा स्थानिक फिरकी गोलंदाज अशा वेळी सगळी दुपार सीमारेषेवर उभा राहतो, आठव्या क्रमांकावर चार चेंडू खेळतो आणि दोन हंगामांनी विद्यापीठात गेला की परत येत नाही. हे नुकसान गुणतक्त्यात कोठेही दिसत नाही, म्हणून ते समितीच्या बैठकीत मांडणे अवघड जाते.

मात्र याची उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पहिल्या संघात एक माणूस वाढला की तेथला एक जण दुसऱ्या संघात जातो आणि दुसऱ्यातला तिसऱ्यात. आपला तिसरा संघ जर दर शनिवारी नऊ जणांनिशी कसाबसा उभा राहत असेल, तर ही घसरण त्याच्या पथ्यावर पडते. उलट तिसऱ्या संघातही खेळण्यासाठी मुले वाट पाहत बसत असतील, तर शेवटच्या टोकाला एका मुलाची जागा जाते. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही. गेल्या हंगामातील तिसऱ्या संघाची धावपत्रके समितीपुढे ठेवली, तर निम्मा वाद तेथेच मिटेल.

खेळाडू आणायचाच असेल तर त्याच्याकडून काय हवे आहे, हे आधी ठरवावे. या बाबतीत ॲक्रिंग्टन या क्लबाची हकीगत मला फार बोलकी वाटते. १९९१ साली त्यांच्याकडे शेन वॉर्न नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन लेगस्पिनर व्यावसायिक म्हणून खेळला. त्याने ७३ बळी घेतले, परंतु धावा मात्र ३२९ केल्या, त्याही सुमारे १५ च्या सरासरीने. व्यावसायिकाने बळीही घ्यावेत आणि धावाही कराव्यात, अशी समितीची अपेक्षा असल्याने पुढच्या वर्षी त्याला बोलावण्यात आले नाही. ही गोष्ट लोक हसण्यासाठी सांगतात, पण समितीचा निर्णय तिच्या गरजेपुरता योग्यच होता. खटकते ते एवढेच की धावा आणि बळी या दोनच रकान्यांवर माणसाची किंमत ठरली. गावातल्या मुलांना लेगस्पिन शिकवण्यासाठी त्याच्याहून चांगला माणूस त्या वर्षी कोठे मिळाला असता?

तेव्हा आपण करार केलाच, तर त्यात आठवड्यातील दोन संध्याकाळी मुलांना शिकवणे, एक संध्याकाळ दुसऱ्या आणि तिसऱ्या संघाच्या सरावाला हजर राहणे आणि खेळपट्टीच्या कामात हात लावणे, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणे आपल्याकडे बंधनकारक आहे आणि परदेशातून येणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या देशातील पोलिसांचे प्रमाणपत्र आणावे लागते. ते काम हिवाळ्यातच उरकावे, कारण एप्रिलमध्ये खेळाडू दारात उभा आणि कागद वाटेत, असे झाले की शिकवण्याचा भाग पहिल्यांदा गळतो.

एकाच माणसावर विसंबण्याचा धोका मराठी वाचकांना १९५२ च्या एका प्रसंगावरून चांगला समजेल. विनू मांकड यांना इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी भारतीय मंडळाने दिली नाही, म्हणून त्यांनी लँकेशर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबाशी करार केला होता. हेडिंग्लेच्या पहिल्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावाची अवस्था बिनबाद तर सोडाच, शून्यावर चार बाद अशी झाली, तेव्हा मंडळाला क्लबाकडे विनंती करून मांकड यांना मोकळे करून घ्यावे लागले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि पहिल्या डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. भारतीयांना ही कसोटी अभिमानाने आठवते. त्या दिवसांत हॅसलिंग्डनच्या समितीला काय वाटले असेल, याचा विचार आपल्याकडे फारसा कोणी केलेला नाही. आपण आणाल त्या खेळाडूला कसोटीचे बोलावणे येणार नाही, पण त्याला त्याच्या राज्याच्या शिबिराचे येऊ शकते, त्याची मांडी दुखावू शकते, किंवा जूनच्या थंडीत त्याला घरची आठवण येऊ शकते. अशा वेळी ज्यांनी वर्षभर त्याच्या जिवावर खेळायचे ठरवले, ते दहा जण गोंधळून जातात.

शेवटी, एखाद्या क्लबाने खेळाडू आणला की शेजारचे क्लबही आणतात, आणि दोन-तीन हंगामांत विभागातील बाराही संघांकडे एक-एक परदेशी खेळाडू दिसू लागतो. त्यानंतर तक्त्यातील जागा जवळजवळ पूर्वीच्याच राहतात, खर्च मात्र प्रत्येकाचा वाढलेला असतो आणि पहिल्यांदा माघार घेण्याचे धैर्य कोणालाही होत नाही. ही चढाओढ एकट्या क्लबाला थांबवता येत नाही. ती लीगच्या नियमानेच थांबू शकते. परदेशी खेळाडू फक्त वरच्या विभागांतच चालेल, असा नियम काही लीगनी केला आहे, तो मला शहाणपणाचा वाटतो.

केवळ घसरणीच्या भीतीने आपण हा विचार करत असाल, तर यंदा माझे मत रोलरच्या बाजूने आहे. खालच्या विभागात एक वर्ष खेळून क्लब बंद पडत नाही, आणि चांगली खेळपट्टी तिन्ही संघांना आणि मुलांना मिळते. खेळाडू मात्र सप्टेंबरात परत जातो.

प्रश्न : आमच्या संघात आठ जण भारतातून नोकरीसाठी आलेले आहेत. प्रतिस्पर्धी आम्हाला सरसकट 'ओव्हरसीज' म्हणतात. परदेशी खेळाडूंवरची मर्यादा आम्हालाही लागू होते का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : सहसा नाही. ही मर्यादा हंगामापुरत्या आणलेल्या खेळाडूसाठी असते. येथे घर करून राहणारा, नोकरी करणारा आणि वर्गणी भरणारा माणूस हा स्थानिक सभासदच असतो. त्याच्यासाठी वास्तव्याची अट किती, हे आपल्या लीगच्या नियमपुस्तिकेत पाहावे. ज्या देशातील हौशी क्रिकेटपटूंपैकी जवळपास एक तृतीयांश दक्षिण आशियाई वंशाचे आहेत, असे तेथील क्रिकेट मंडळाने २०१८ साली स्वतःच्या आराखड्यात नमूद केले, तेथे आपल्याला परके म्हणणे हे निव्वळ हिणवणे आहे. तसे मैदानावर बोलले गेले, तर कर्णधाराने पंचांच्या कानावर जरूर घालावे.

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा असून जिल्हा संघाकडून खेळतो. इंग्लंडमधील एका क्लबात हंगामभर खेळायला मिळेल, असे सांगून एक मध्यस्थ मोठी रक्कम मागत आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन तेथे खेळावे आणि क्लब हातखर्च देईल, असे तो म्हणतो. पाठवावे का?
— एक पालक, सातारा

उत्तर : या अटींवर पाठवू नये. पर्यटक व्हिसावर हौशी म्हणून स्वतःच्या आनंदासाठी खेळता येते, परंतु मोबदला घेता येत नाही, आणि मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. ज्याचा प्रवास आणि राहण्याचा बहुतेक खर्च क्लब उचलतो, तो त्या देशाच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक ठरू शकतो. म्हणजे मध्यस्थ ज्याला हातखर्च म्हणतो, त्यामुळेच मुलगा विमानतळावरून परत पाठवला जाण्याची आणि पुढील अर्जांवर त्याची सावली पडण्याची शक्यता असते. व्यावसायिक म्हणून जायचे तर क्लबाकडे प्रायोजकत्वाचा परवाना आणि मुलासाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची शिफारस लागते, आणि ती मिळण्यासाठी अलीकडच्या काळात वरच्या दर्जाचे सामने खेळलेले असावे लागतात. केवळ जिल्हा पातळीच्या अनुभवावर ती मिळणे कठीण आहे.

स्वखर्चाने पाठवण्याची आपली ऐपत असेल, तर मध्यस्थाला वगळून क्लबाच्या सचिवांशी थेट पत्रव्यवहार करावा आणि मुलगा कोणत्या संघात खेळणार, कोणाकडे राहणार, आजारपणाचा व दुखापतीचा विमा कोण काढणार, हे लेखी घ्यावे. अनुभव म्हणून तो हंगाम चांगलाच असतो. आपल्याकडे पावसाळ्यात मैदाने बंद पडतात तेव्हा तेथे ऐन हंगाम असतो आणि ओल्या खेळपट्टीवर स्विंग होणारा चेंडू खेळण्याची सवय लागते. अर्थात ही सवय लावण्यासाठी मुंबईत १९४८ पासून भर पावसात कांगा लीग खेळली जाते. मुलाला त्या लीगमधील एखाद्या क्लबात जागा मिळाली, तर पुढचे दोन-तीन महिने रविवारी सातारा ते मुंबई प्रवास करावा लागेल, पण मध्यस्थ मागतो त्या रकमेच्या अगदी लहानशा भागात ते होईल. आधी ते करून पाहावे आणि मुलगा पदवीधर झाल्यावर इंग्लंडचा विचार करावा. तरुण पदवीधर भारतीयांसाठी सोडतीने मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा तेव्हा त्याला मागता येईल. त्यावर नोकरी करता येते आणि सुटीच्या दिवशी हौशी म्हणून खेळताही येते, खेळाडू म्हणून पैसे मात्र त्यावरही घेता येत नाहीत.