पैसे भरून घेतलेली विमानातील जागा कर्मचाऱ्यांनी ऐन वेळी बदलली, तर काय करावे?

विमानात वाद वाढवू नये. मात्र अन्याय निमूटपणे गिळूही नये. वजनाचा समतोल, नादुरुस्त आसन किंवा आपत्कालीन दाराजवळची रांग अशा कारणांसाठी कर्मचारी जागा बदलू शकतात आणि त्यांची सूचना धुडकावणाऱ्या प्रवाशाला खाली उतरवले जाऊ शकते, म्हणून आधी उठावे, पण कारण स्पष्ट विचारून घ्यावे.

माझ्या आईने गुडघेदुखीमुळे जादा पैसे भरून पुढच्या रांगेतील कडेची जागा घेतली होती. एका कुटुंबाला एकत्र बसायचे म्हणून तिला सत्ताविसाव्या रांगेत मधे बसवले. हे सुरक्षेचे कारण नव्हे, आणि वयस्कर माणसाला असे उठवणे मला आजही अक्षम्य वाटते. बॉलपेनने खोडलेला आसन क्रमांक असलेला तिचा बोर्डिंग पास आणि जागेच्या शुल्काची पावती आम्ही तक्रारीला जोडली, तेव्हा कुठे ती रक्कम परत मिळाली.

भारतात आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, दाद न मिळाल्यास केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जावे. तिथेही काही झाले नाही, तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. बिझनेस क्लासमधून इकॉनॉमीत बसवले असेल, तर २०२३ पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते; ती हक्काने मागावी.