क्योतोमध्ये वेगळे जेवण

प्रश्न : येत्या जुलैत आम्ही उभयता शाकाहारी सासूबाईंना घेऊन जपानमधील क्योतोला जाणार आहोत. नेहमीच्या हॉटेलांपेक्षा वेगळे जेवण तिथे कुठे मिळेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंसाठी अराशियामा भागातील तेन्र्यू-जी या, १३३९ साली स्थापन झालेल्या झेन मंदिराच्या आवारातील ‘शिगेत्सू’ हे भोजनगृह मी सर्वांत आधी सुचवेन. तेथे भिक्षूंच्या परंपरेतील ‘शोजिन र्‍योरी’ मिळते. त्यात मांस-मासे तर नसतातच, पण परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ते चालण्यासारखे आहे. लाल लाखेच्या ताटात छोट्या वाट्या मांडून येतात, आणि तीळ वाटून केलेला मऊसूत गोमादोफू जिभेवर ठेवताच विरघळतो. दुपारचीच वेळ असते, म्हणून आधी आरक्षण करावे. मंदिराच्या बागेचे तिकीट वेगळे काढावे लागते.

उन्हाळ्यात शहराच्या उत्तरेकडील किबुने गावी ओढ्यावर लाकडी मंच बांधून, वाहत्या पाण्याच्या जेमतेम हातभर वर, जेवण वाढतात. काही ठिकाणी चिरलेल्या बांबूतून थंड पाण्याबरोबर सोमेन शेवया सोडतात आणि त्या चॉपस्टिकने पकडून खायच्या असतात. हा अनुभव चुकवू नये असाच आहे. मात्र सोबतच्या रसात बहुधा वाळवलेल्या माशांचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. सासूबाईंसाठी तो टाळावा आणि ‘मासे नकोत’ एवढेच न म्हणता ‘दाशीही नको’ असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ बाळगावी.