डिप्रेशनची गोळी बंद केल्यावर त्रास झाला, म्हणजे आजार परत आला असंच समजायचं का?

नाही, दर वेळी नाही. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं एस्सिटालोप्राम घेतली, बरं वाटलं म्हणून बंद केली, आणि चौथ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणाले, आजार उलटला, आता गोळी कायमची. डॉक्टरांचं चुकलंच असं इथे बसून मी म्हणणार नाही. पण डोक्यात करंट बसणं हे डिप्रेशनचं लक्षण नाही, ते गोळी सोडल्यामुळे होऊ शकतं, आणि हे तुमच्या मनाचे खेळही नाहीत.

मी यातून गेले आहे. पाच वर्षं रोज 10 मिलिग्रॅम. मग पंधरा दिवस अर्धी गोळी आणि एकदम बंद. तिसऱ्या दिवशी मंडईत भाव विचारायला मान वळवली आणि डोळ्यांमागे झिर्र झालं. नजर नुसती डावीकडून उजवीकडे नेली तरी पुन्हा झिर्र. कांद्याच्या पोत्याला धरून उभी राहिले. रात्री इतकी लख्ख स्वप्नं पडायची की सकाळी थकून उठायचे, आणि दूध उतू गेलं तरी रडू यायचं. माझा मूळ आजार असा नव्हताच. तेव्हा अंग शिशासारखं जड व्हायचं, कशातच जीव रमायचा नाही. चक्कर कधी आली नव्हती.

पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत कागदावर 'रिलॅप्स', म्हणजे आजार उलटला, असं लिहिलं. गोळी परत सुरू केली आणि दोन दिवसांत करंट थांबले. इथे मला शंका आली. पहिल्यांदा हीच गोळी लागू पडायला चार आठवडे गेले होते. मग या वेळी आजार दोन दिवसांत कसा बरा झाला? तुम्हीही हेच तपासा: त्रास कधी सुरू झाला, पूर्वी नव्हतं असं नवीन काय आहे, आणि गोळी घेतल्यावर किती लवकर ओसरतो.

डॉक्टर मंडळी हे मानत का नाहीत, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं त्यांना शिकवलंच तसं गेलं. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवते. तिच्या 2009 च्या मजकुरात हा त्रास सहसा सौम्य असतो आणि साधारण आठवड्याभरात आपोआप जातो, असं होतं. 2018 मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या अध्यक्ष वेंडी बर्न आणि प्रा. डेव्हिड बाल्डविन यांनी 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं की बहुसंख्य रुग्णांचा त्रास दोन आठवड्यांत संपतो. ज्यांचे महिनोन् महिने हालात गेले होते ते रुग्ण आणि काही संशोधक खवळले, रीतसर तक्रार झाली. मे 2019 मध्ये कॉलेजने भूमिका बदलली: काहींना हा त्रास तीव्र होतो आणि लांबतोही. त्याच वर्षी नाइसनेही मजकूर सुधारला. रुग्ण गप्प बसले असते तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आकड्यांवर अजून वाद आहेत. 2024 च्या एका मोठ्या विश्लेषणात गोळी बंद करणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. आत औषध नसलेली, नुसती दाखवायची गोळी बंद केलेल्यांतही 17 टक्के लोकांना झाला. तीव्र त्रास साधारण 3 टक्क्यांना. म्हणजे सगळ्यांनी घाबरण्याचं कारण नाही. पण आपल्याकडे या गोळ्या घेणारे इतके आहेत की तीन टक्के म्हणजेही मोठा जमाव होतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे एक वाकडी रेघ काढून दाखवली. एस्सिटालोप्रामची सख्खी बहीण सिटालोप्राम. तिचे 20 मिलिग्रॅम मेंदूतलं सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन) वाहून नेणाऱ्या जागांपैकी सुमारे 80 टक्के अडवतात. डोस चौथ्या हिश्शावर, 5 वर आणला तरी 60 टक्क्यांच्या आसपास अडलेल्याच राहतात. खरी घसरण शेवटच्या चिमूटभर डोसात असते. म्हणून अर्धी करून थेट शून्यावर येणं म्हणजे जिन्याच्या शेवटच्या सहा पायऱ्या एकदम उडी मारून उतरणं. होरोविट्झ आणि टेलर यांनी 2019 मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त हेच मांडलं. होरोविट्झ स्वतः डॉक्टर, आणि स्वतः या त्रासातून गेलेले.

'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला मिळाला तर पुन्हा विचारा. रक्तातली पातळी रोज वरखाली होते आणि त्रास वाढू शकतो. आणि कृपा करून पाकीट नीट वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम हे घबराट कमी करणारं, गुंगी आणणारं दुसरं औषध एकाच गोळीत सर्रास असतं. ते बरेच दिवस घेऊन एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. ती गोळी आपल्या मनाने बंद करायचीच नाही.

आजार खरोखर परतूही शकतो, हे लपवत नाही. ब्रिटनमधल्या 2021 च्या चाचणीत वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी 56 टक्के पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी 39. म्हणून तारखेसह वही ठेवा आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जा. ऐकून घेत नसतील तर दुसरे गाठा. जीव नकोसा वाटला तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 कधीही लावा, मराठीत बोलता येतं.

मला अडीच मिलिग्रॅमवरून शून्यावर यायला सात महिने लागले. त्यात दोनदा एक पायरी मागे गेले, आणि डॉक्टरांनी दोन्ही वेळा 'काही घाई नाही' एवढंच म्हटलं.