गुडघ्यातली घडी दुखते तेव्हा

प्रश्न : माझे वय 27 वर्षे असून मी नियमित सायकल चालवतो. चार महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला दुखते. जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना दुखणे वाढते, मधूनच ‘टक्’ असा आवाजही येतो. एमआरआयच्या अहवालात ‘मीडिअल प्लायका’ एवढाच उल्लेख आहे, बाकी सर्व ठीक आहे. एका सर्जननी दुर्बिणीतून प्लायका काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी आधी व्यायाम करायला सांगितले. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : हे दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, प्रश्न आहे तो आधी काय आणि नंतर काय, एवढाच. तुमच्या बाबतीत व्यायाम आधी यायला हवा.

प्लायका म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची घडी, आणि मीडिअल म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूची. गर्भात गुडघा घडत असताना त्याच्या पोकळीत असणारे पातळ पडदे पुढे विरून जातात, पण पुष्कळ जणांमध्ये त्यांचा काही भाग शिल्लक राहतो आणि बहुतेकांना त्याचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. ही घडी मऊ असते तोवर गुडघा वाकवताना मांडीच्या हाडाच्या टोकावरून अलगद सरकते. सतत तीच ती हालचाल होत राहिली किंवा गुडघ्यावर थेट मार बसला, तर ती सुजते, हळूहळू जाड आणि निबर होते आणि ताणलेल्या दोरीसारखी हाडावर घासू लागते. ‘टक्’ आवाज बहुधा तिथलाच.

त्यामुळे एमआरआयमध्ये घडी दिसली म्हणजे तीच दुखते आहे, असे ठरत नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण अहवालातल्या एका शब्दावरून शस्त्रक्रियेला तयार होऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. एमआरआयचा मोठा उपयोग गादी (दोन हाडांमधली चकती) फाटलेली नाही ना, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) झिजलेली नाही ना, हे पाहण्यासाठी होतो.

निदानाचा खरा आधार तपासणाऱ्याच्या बोटांना लागतो. रुग्णाला उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून, सर्जन वाटीच्या आतल्या-खालच्या कडेशी अंगठ्याने दाबतात. तिथे दुखते आणि कधी बोटाखाली दोरीसारखी गाठाळ पट्टी सरकते. मग तोच दाब कायम ठेवून गुडघा 90 अंशांपर्यंत वाकवतात. घडी अंगठ्याखालून निसटल्यामुळे दुखणे स्पष्टपणे कमी झाले, तर संशय बळावतो. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना केल्याशिवाय मात्र या चाचणीवर विसंबू नये. वाटीचे सरकणे, गादी आणि खुबा यांचीही तपासणी व्हायला हवी, कारण खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते.

आता उपचार. काही आठवडे सायकल आणि उकिडवे बसणे कमी करावे, बर्फाने शेकावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज कमी करणारी गोळी घ्यावी. सायकलची सीट फार खाली असेल, तर गुडघा प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, म्हणून तिची उंचीही तपासून घ्या. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळकटी आणि मागच्या स्नायूंना ताण देणारे व्यायाम किमान 6 ते 12 आठवडे नेमाने करावेत. दुखणे अलीकडचे असेल, तर निवडक रुग्णांना स्टेरॉइडच्या इंजेक्शनचाही उपयोग होतो.

एवढे करूनही त्रास तसाच राहिला आणि तपासणीत घडीकडेच बोट जात असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे. छोट्या छेदांतून दुर्बीण घालून सर्जन आधी गुडघा हलवत घडी खरोखर घासते का आणि तिच्याखालच्या कूर्चेवर ओरखडे पडले आहेत का, हे पाहतात. घडी पातळ आणि लवचिक दिसली, तर दुखण्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते. दोषी घडीला नुसती चीर दिली, तर कडा पुन्हा जुळू शकतात, म्हणून ती पूर्ण काढणे पसंत केले जाते. मात्र सांध्याच्या बाहेरच्या आवरणाला धक्का लागू न देणे आणि रक्तस्राव नीट थांबवणे महत्त्वाचे असते. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात, व्यायाम लगेच सुरू होतात आणि खेळाकडे परतायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. कूर्चा आधीच झिजलेली असेल, तर आराम अपुरा पडू शकतो, हे आधीच विचारून घ्या.

दरम्यान गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, खूप सुजला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर व्यायामाचे आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता पुन्हा तपासून घ्या.